डबल लिलीचा वाफा

आमच्या घरात ऐकायचं काम माझ्याकडे होतं. एका लांबलेल्या तापानंतर आईला ऐकू येईनासं झालं तेव्हा मी चौथीत होते. तेव्हापासून कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, दाराची कडी वाजली की तिच्या खांद्याला हात लावायचा, नळाला पाणी येण्याआधीची खरखर ऐकून बादली लावायची, हे सगळं कोणी न सांगताच माझ्याकडे आलं. दुसऱ्या खोलीत अभ्यास करताना माझा अर्धा जीव स्वयंपाकघरात असे. दूध वर येतानाचा आवाज मला इतका ओळखीचा झाला होता, की सायीखाली पहिला बुडबुडा फुटला की मी भूगोलाचं पुस्तक पालथं टाकून उठत असे. आई मात्र कुठलाही आवाज न ऐकता सगळं व्यवस्थित करायची. फोडणीला मोहरी तडतडली की नाही ते ती तेलाकडे बघून सांगे, भाकरी फुगली की वाफ हाताच्या मागच्या बाजूला घेऊन ओळखे. तिचं नाक तर असं तिखट होतं, की शेजारच्या तांबोळीभाभींनी कुठला मसाला भाजायला घेतलाय ते ती खिडकी बंद असतानाही सांगायची.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते आणि जन्माने, वाढीने बुधवार पेठेतले. सरळ वाक्य बोलायची त्यांना सवयच नव्हती. आई ओठांवरून शब्द वाचायला शिकली, पण टोमणा काही ओठांवर दिसत नाही. "आज मिठाचं दुकान लुटलंस वाटतं," असं ते आमटीचा भुरका मारून म्हणाले की आई गंभीरपणे विचारी, "कुठलं दुकान?" मग बाबांना नाइलाजाने म्हणावं लागे, "मीठ जास्त झालंय." असं करत करत त्या माणसाला निदान घरात तरी सरळ बोलायची सवय लागली. बाहेर मात्र त्यांची जीभ शाबूत होती.

पेठेतल्या गर्दीत आईला रस्ता ओलांडणं अवघड जायला लागलं, म्हणून आम्ही कात्रजच्या चढाला, तेव्हा गावाबाहेरच समजल्या जाणाऱ्या भागात, दोन खोल्यांचं बैठं घर घेतलं. पुढे रस्ता, स्वारगेटला जाणारी बस आणि मागे डोंगराचा उतार. या उताराची शेवटची पट्टी आमच्या हद्दीत येत होती आणि तिथे आईची बाग होती. बाग म्हणजे कढीपत्ता, एक पेरू, गवती चहा, आणि उरलेल्या सगळ्या जागेत डबल लिली.

या लिलीचे कंद आईच्या शाळेतल्या मैत्रिणीने पाचगणीहून आणून दिले होते. लसणाच्या गड्ड्यासारखे दिसायचे, पण वरची साल नाही, नुसते एकावर एक पांढरे खवले. आईने त्यांच्यासाठी जमीन अशी केली, की बाबा म्हणाले, आमच्या लग्नातल्या मांडवालाही एवढी मेहनत लागली नव्हती. खाली विटांचे तुकडे, वर नदीची वाळू आणि तांबडी माती, त्यावर कुजलेला पालापाचोळा. लिलीच्या मुळांना पाणी हवं असतं, पण तुंबलेलं चालत नाही; डोक्याला ऊन हवं असतं आणि पायाला गारवा. तो गारवा राहावा म्हणून आईने वाफ्याभोवती डोंगरातले दगड रचले होते आणि मातीवर वाळल्या पानांचा जाड थर पसरला होता. कोंब फुटले की प्रत्येकाला चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काडीचा आधार. आषाढाच्या सुमाराला हिरव्या लांबट कळ्या फुगायच्या, मग एखादीला चीर पडायची आणि त्या चिरेतून पांढरं काहीतरी दिसायचं. साध्या लिलीत सहा पाकळ्या आणि मधे केशराचे तुरे असतात. हिच्यात तुरे नव्हतेच. पाकळीच्या आत पाकळी, तिच्या आत आणखी, पार मध्यापर्यंत, आणि सगळ्यात आतल्या पाकळ्यांच्या कडांना फिकट गुलाबी झाक. वास लवंगेचा आणि उगाळलेल्या चंदनाचा, दोन्ही एकदम. पहिली कळी उमलली की आई पोळी लाटता लाटता मान वर करून म्हणायची, "उघडली एक." आम्ही मागे जाऊन बघावं तर खरंच उघडलेली असायची.

त्या लिलीचं खरं नाव मला आजही माहीत नाही. हल्ली रोपवाटिकांमधून सुगंधी डबल लिलीचे कंद चित्राच्या पाकिटात मिळतात. मी दोन-तीनदा आणून बाल्कनीत लावले. फुलं सुरेख आली, पण वास लवंगेचा नव्हता. किंवा माझं नाक आईचं नाही.

त्या वर्षी मी नववीत होते. उन्हाळ्यात कुठूनतरी घूस आली आणि तिने कंद उकरून खायला सुरुवात केली. सकाळी वाफ्यात भोकं पडलेली दिसायची आणि पांढरे खवले इतस्ततः विखुरलेले. आई हळहळायची, भोकं बुजवायची, वर दगड ठेवायची. मग एकाएकी घूस यायची बंद झाली. आईला वाटलं दगडांनी काम केलं. कंदांना कोंब आले, काड्या लागल्या, कळ्या धरल्या आणि आम्ही ती गोष्ट विसरून गेलो.

एका रविवारी सकाळी मी मागच्या पायरीवर दप्तर धूत बसले होते. आई वाफ्याशी उकिडवी बसून तण काढत होती. तेवढ्यात मला कुकरची वाफ सुटल्याचा आवाज आला. शिट्टी नव्हे, शिट्टीच्या आधी जी जाड, लांबलेली फुसफुस असते ती. मी सवयीने उठले, आत गेले. शेगडी बंद होती. कुकर धुऊन पालथा घातलेला होता. मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिले आणि तो आवाज पुन्हा आला, आता खिडकीतून. एकसारखा, आत-बाहेर, आत-बाहेर, कोणीतरी भाता ओढावा तसा. कुकरची वाफ अशी आत-बाहेर होत नाही, हे डोक्यात यायला मला जितका वेळ लागला तितका वेळ मी तिथेच उभी होते. मग धावले.

आईचा हात पाचोळ्यात होता. तिच्या कोपरापासून हातभर अंतरावर, दगड आणि लिलीचे देठ यांच्या मधल्या सावलीत, पाचोळ्याच्याच रंगाचं एक वेटोळं फुगत होतं आणि आकसत होतं. अंगावर तपकिरी बदामांची साखळी काढल्यासारखी नक्षी. मी "आई!" म्हणून किंचाळले. ती पाठमोरी होती. तिने एक तणाची काडी उपटून बाजूला ठेवली आणि पुढच्या काडीकडे हात नेला. मी तिच्या दोन्ही काखांत हात घालून तिला मागे ओढलं, दोघी चिखलात पडलो. ती रागाने वळली, "काय गं हे!" आणि तिला माझा चेहरा दिसला. मग मी बोट दाखवलं तिकडे तिने बघितलं. ते फुगणं आणि आकसणं तिला दिसत होतं. आवाज फक्त मला येत होता.

बाबा सापाला इतके घाबरत की चित्रातल्या सापावरही त्यांचं बोट पडत नसे. ते पायरीच्या खाली उतरलेच नाहीत. शेजारच्या तांबोळीकाकांनी त्यांच्या घरून फोन लावला आणि थोड्या वेळाने स्कूटरवरून दिघे नावाचे एक गृहस्थ आले. नोकरी बँकेत, आणि रविवारी व इतर वेळी साप पकडण्याचा छंद. डोळ्यांना चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, हातात आकडा लावलेली काठी. वाफ्याकडे बघून ते म्हणाले, "घोणस. जात विषारी, स्वभाव आळशी. पाय पडेपर्यंत जागची हलणार नाही."

बाबा पायरीवरून म्हणाले, "म्हणजे आमच्या कचेरीतली आहे."

दिघ्यांनी आकड्याने तिला अलगद उचललं, पिशवीत सोडलं आणि पिशवीचं तोंड बांधता बांधता थांबले. पिशवी हाताने तोलल्यासारखी केली. "मादी आहे," ते म्हणाले, "पोट सैल पडलंय. नुकतीच व्यालेली दिसते."

"अंडी?" बाबांनी विचारलं.

"घोणस अंडी घालत नाही. जिवंत पिल्लं होतात. वीस-तीस सहज. इथेच झाली असतील, नाहीतर वर डोंगरात. असतील किंवा नसतीलही."

"आणि त्यांचा स्वभाव?"

"त्यांना अजून आळस आलेला नसतो," दिघे म्हणाले. "विष मात्र पहिल्या दिवसापासून असतं."

त्यांनी काय करायचं, काय नाही ते आम्हाला नीट सांगितलं. चावलंच तर कापायचं नाही, दोरी आवळायची नाही, धावायचं नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच. सरळ मोठ्या रुग्णालयात जायचं आणि घोणस म्हणून सांगायचं. हे सगळं मी आईकडे तोंड करून, एकेक शब्द स्वच्छ उच्चारून पुन्हा सांगितलं. ती ऐकत, म्हणजे बघत होती. शेवटी तिने दिघ्यांना एकच विचारलं, "सापांना ऐकू येत नाही म्हणतात, खरं का?"

"जवळपास खरं आहे."

"मग आमचं जमेल," आई म्हणाली.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजूनही माझे तळपाय जमिनीवर पुरते टेकत नाहीत. घरात येणाऱ्या प्रत्येक गोष्टीत काहीतरी असू शकत होतं. चप्पल झटकून घालायची, पायपुसणं काठीने उचलायचं, न्हाणीघराच्या मोरीला कापडाचा बोळा लावायचा. बाबा संडासला जातानाही काठी आपटत जात. बागेभोवती त्यांनी कसलंसं उग्र वासाचं औषध शिंपडलं, तेव्हा आई पहिल्यांदा चिडली, कारण त्या वासाने लिलीचा वास दबला होता. आणि लिली तर त्याच आठवड्यांत फुलली होती. इतकी ती त्याआधी कधी फुलली नव्हती. देठादेठाला चार-चार, पाच-पाच फुलं, पाकळ्यांच्या ओझ्याने वाकलेली. पावसाचं पाणी त्यांच्यात साचून ती आणखी जड होत आणि मोडत, म्हणून आईला रोज जाऊन एकेक फूल हलक्या हाताने वाकवून पाणी काढावं लागे, सुटलेल्या काड्या बांधाव्या लागत. बाबा म्हणाले, मोडू देत. आई म्हणाली, नाही. बाबा म्हणाले, यंदाच्या वर्षी नको. आई म्हणाली, फुललीत यंदा.

पावसाने औषध धुऊन गेलं, मग लिलीचा वास रात्रंदिवस घरात भरलेला असे आणि मला तो नकोसा झाला. वास आला की मला ते फुगणारं, आकसणारं वेटोळं आठवे. दिघे म्हणाले होते की पिल्लंही मोठ्यांसारखीच फुत्कार टाकतात. म्हणजे आवाज येणार होता, आणि तो ऐकायला मीच तिथे असायला हवं होतं. सकाळी मी शाळेत गेले की आई एकटी वाफ्यात जाणार, हा विचार मला गणिताच्या तासाला असा गाठायचा की फळ्यावरचे आकडे मला दिसत नसत. मग माझं पोट दुखायला लागलं. पहिल्या दिवशी आईने ओवा दिला, दुसऱ्या दिवशी हिंग कालवून पोटावर लावला. तिसऱ्या वेळी बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "हिचं पोट शिस्तीचं आहे. शाळा असली की दुखतं, रविवारी सुट्टी घेतं." पण त्यांनी मला शाळेत पाठवलं नाही. मला वाटतं, मी घरी राहिल्याने त्यांच्याही जिवाचा थोडा भार हलका होत असावा.

आई वाफ्यात गेली की मी तिच्या मागे दोन हातांच्या अंतरावर काठी घेऊन उभी राहायची. काठीने आधी पाचोळा ढवळायचा, मग ती हात घालणार. श्वास रोखून मी ऐकत असे. पानांवर पाणी ठिबकायचं, पेरूवर बुलबुल बोलायचा, रस्त्यावर चढाला बस गियर बदलायची; ते सगळे आवाज एकेक करून बाजूला सारत मी त्या एका आवाजाची वाट बघत असे. तो कधी आलाच नाही.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी ऊन पडलं होतं. बाबा कचेरीत गेले होते. आईने दूध मंद आचेवर ठेवलं होतं आणि तेवढ्यात एक काडी बांधून येते म्हणाली. मी पाचोळा ढवळला. काही हललं नाही. मी ऐकलं. काही ऐकू आलं नाही. आईने देठाच्या बुडाशी हात नेला, सुतळीची गाठ मारली आणि हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. तिने उजव्या हाताचं मधलं बोट बघितलं. तिथे रक्ताचा एक थेंब होता, मग दुसरा. देठाच्या बुडाशी, गांडुळापेक्षा थोडं जाड, वीतभर लांबीचं काहीतरी हळूच दगडाखाली गेलं. त्याच्या पाठीवर बदामांची साखळी होती, बारीक, सुबक.

"चावलं," आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. मग म्हणाली, "नंदा, आधी गॅस बंद कर. दूध उतू जाईल."

मी गॅस बंद केला. मला आठवतं, मी ते दूध उतू जात होतं की नाही तेही बघितलं. मग कुंपणाशी जाऊन मी जी हाक मारली तिने तांबोळीकाका आणि भाभी दोघंही अनवाणी धावत आले. काका एका बेकरीची गाडी चालवत. पहाटेची फेरी संपवून ते घरी झोपलेले असत, म्हणून सापडले. भाभींनी आईचा हात बघितला. बोट तोपर्यंत सुजायला लागलं होतं. त्या मला म्हणाल्या, "बेटी, आईला सांग बांगड्या काढायला. हात सुजला की रुततील." सोन्याच्या पाटल्या साबण लावून निघाल्या. हिरवा चुडा निघेना. मी आईकडे बघून सांगितलं. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग पायरीच्या कडेवर हात टेकवला आणि एकेक बांगडी आपटून वाढवली. आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, कारण बायकांच्या हातच्या बांगड्या कधी फोडतात ते सगळ्यांना माहीत असतं. तिला तो आवाज आला नाही. मला प्रत्येक बांगडीचा आला.

बेकरीच्या गाडीत मागे रिकाम्या पत्र्याच्या पाट्या होत्या आणि खारीचा, लोण्याचा वास होता. भाभी आईला धरून बसल्या. हात मांडीवर, न हलवता. काका गाडी जपून चालवत होते, तरी कात्रजपासून स्वारगेटपर्यंतचा प्रत्येक खड्डा आईच्या चेहऱ्यावर उमटत होता. त्या एवढ्याशा दोन टोचण्यांतलं रक्त थांबत नव्हतं. भाभींच्या ओढणीचं टोक भिजलं, मग दुसरं टोक. स्वारगेटच्या चौकात बसगाड्यांच्या मधे आम्ही अडकलो. काकांनी खिडकीतून अंग बाहेर काढून ओरडायला सुरुवात केली, "अहो, साप चावलाय! जागा द्या! बाई आहे गाडीत!" आणि त्या चौकात, जिथे कोणी कोणाला जागा देत नाही, एका बसवाल्याने गाडी मागे घेतली. आई माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. तिच्या दातांच्या कडांना रक्त लागलं होतं. मी विचारलं, काय? ती म्हणाली, "तोंडाला लोखंडाची चव येतेय." मी म्हटलं, "काही नाही. गाडीतल्या पत्र्यांचा वास आहे."

मोठ्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरांनी आईचं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. "ही हलवू नका कोणी," ते म्हणाले, "बघू गोठतंय का." मग ते दुसऱ्या रुग्णाकडे गेले. टेबलाच्या कोपऱ्यात ती नळी आणि तिच्यातलं माझ्या आईचं रक्त. मी इतक्या एकाग्रतेने कशाकडेच कधी बघितलं नाही, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेकडेही नाही. डॉक्टर परत आले, घड्याळ बघितलं, नळी उचलून तिरपी केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहत गेलं.

त्यांनी मला बाजूला घेतलं. मोठं माणूस कोणी? काकांनी कचेरीत फोन केला होता, पण बाबा अजून पोचले नव्हते; काका औषधाची चिठ्ठी घेऊन आणि भाभी केसपेपर काढायला खाली गेल्या होत्या. म्हणून त्यांनी मलाच सांगितलं. रक्त गोठत नाहीये. विषावरचं औषध सुरू करतोय. मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो, आज-उद्या काही सांगता येणार नाही. "आईला ऐकू येत नाही ना? तू समजावून सांग." मी कॉटपाशी गेले. आईच्या मनगटात सुई होती, डावा हात पांढरा आणि उजवा कोपरापर्यंत काळपट. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी शब्द नीट उच्चारून म्हटलं, "म्हणाले, औषध दिलंय. काही काळजी नाही. दोन दिवसांत घरी."

आईने मान हलवली आणि डोळे मिटले. डोळे मिटले की तिच्याशी बोलायचा रस्ता बंद होत असे. मी तिचा पाय धरून उभी राहिले.

बाबा आले ते डब्याची पिशवी हातात घेऊनच. सगळ्या वाटभर ती पिशवी का सोडली नाही ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी तो हात बघितला, नळी बघितली, माझ्याकडे बघितलं. एरवी त्यांच्या तोंडात कुठल्याही प्रसंगाला एक वाक्य तयार असे. त्या वेळी ते कॉटच्या दांडीला धरून वाकले, आईने डोळे उघडेपर्यंत वाट बघितली आणि ओठ मोठे करत एकच म्हणाले, "मी आलोय." आई म्हणाली, "डबा खाल्लात का?" ते नाही म्हणाले, आणि तिथेच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

दुसऱ्यांदा नळी तिरपी केली तेव्हाही रक्त वाहिलं. तिसऱ्यांदा, संध्याकाळी, ते नळीच्या तळाशी लालभडक गोळ्यासारखं घट्ट बसून राहिलं. डॉक्टरांनी नळी पार उलटी केली आणि मला दाखवली. मी आयुष्यात बऱ्याच सुंदर गोष्टी बघितल्या आहेत. तो गोळा त्यांच्यात येतो. पण लघवी कमी होत होती, चेहरा सुजला होता आणि पुढचे बरेच दिवस आम्ही रोज तेवढ्या एका गोष्टीची चौकशी करत जगलो. शेवटी मूत्रपिंडं सावरली. मधल्या बोटाचं पेर मात्र वाचलं नाही.

घरी आणायच्या आदल्या दिवशी मी तिच्या केसांची वेणी घालत होते. ती म्हणाली, "त्या दिवशी दोन दिवसांत घरी म्हणालीस ना?"

मी पुढे येऊन तिच्यासमोर उभी राहिले. "डॉक्टर तसंच म्हणाले होते."

"त्या डॉक्टरांना मिशी नाही," आई म्हणाली. "सगळं स्वच्छ वाचता येतं."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नकोस. मला तेव्हा तेच ऐकायचं होतं." ऐकायचं, असाच शब्द तिने वापरला.

मधल्या काळात बाबांनी वाफा खणून टाकला होता. गुडघ्यापर्यंत बूट घालून, दिघ्यांना शेजारी उभं करून, दगड एकेक करत त्यांनी स्वतः उलटवले. आणखी दोन पिल्लं सापडली. दिघे म्हणाले की बाकीची एव्हाना डोंगरात पांगली असतील. बाबांनी पहिल्या पिल्लाला बघून ओकारी काढली आणि तोंड पुसून पुन्हा कुदळ उचलली, असं काकांनी आम्हाला नंतर सांगितलं. बाबांनी स्वतः यातलं काही सांगितलं नाही. आई घरी आली, मागच्या दारात उभी राहिली, मोकळ्या, सपाट जमिनीकडे बघितलं आणि विचारलं, "कंद?"

"पोत्यात भरलेत. द्यायचे कोणाला तरी," बाबा म्हणाले. "पुरे झालं आता. बाग नको."

पाऊस सरला, थंडी पडली. मी शाळेत जायला लागले होते, पण माझं पोट आता खरंच दुखायचं. वर्गात बसल्या बसल्या हातपाय गार पडत. शाळेतून येताना घर दिसेपर्यंत मी चालत येत असे आणि घर दिसलं की धावत.

एका सकाळी मी गणवेश घालून मागे डोकावले तर आई जमिनीवर बसून डाव्या हातात खुरपं धरून खड्डे करत होती. शेजारी पोतं. दगड नव्हते, पाचोळा नव्हता, सगळी जमीन दूरपर्यंत उघडी दिसत होती. प्रत्येक कंद ती लांब दांड्याच्या खुरप्याने खड्ड्यात सारत होती. बाबा पायरीवर उभे होते, चहाचा कप हातात. ते आधीच हरलेले दिसत होते. मी दप्तर खाली ठेवलं आणि कोपऱ्यातली काठी घेतली.

आईची नजर वर आली. "काठी कशाला?"

"मी थांबते आज. पोटात दुखतंय."

तिने खुरपं बाजूला ठेवलं आणि मला समोर बसायची खूण केली. "त्या दिवशी तू कुठे होतीस?"

"इथेच. तुझ्या मागे."

"तुझे कान चांगले आहेत ना?"

"हो."

"काही ऐकू आलं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग?" आई म्हणाली. "चांगल्या कानांनाही जे ऐकू येत नाही त्यासाठी शाळा बुडवून काय करणार तू? मी डोळे उघडे ठेवून बसलेय. दगड काढलेत. हात घालत नाहीये. एवढं करून जे व्हायचं ते होईल, तू असलीस तरी आणि नसलीस तरी." मग थोड्या हळू आवाजात, म्हणजे तिला हळू वाटेल अशा आवाजात, ती म्हणाली, "मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. फार वाटते. पण ती माझी मला वाटू दे. तुझी तुझ्यापाशी घेऊन तू शाळेत जा."

मी बाबांकडे बघितलं. ते कपात बघत म्हणाले, "सव्वानऊची बस गेली तर पुढची कधी येईल ते तिच्या वडिलांनाही माहीत नाही. जा."

मी काठी भिंतीला टेकवली, दप्तर घेतलं. घराला वळसा घालून रस्त्यापर्यंत गेले, तिथून कुंपणातून मागची बाजू दिसते. आई पाठमोरी बसली होती आणि पुढच्या कंदासाठी माती उकरत होती. हाक मारून उपयोग नव्हता. चढाला बसचा आवाज आला. मी हात केला, बस थांबली आणि मी चढले.